भरल्या पोटाचा फुटबॉल

फुटबॉलमधल्या माझ्या कर्तबगारीबद्दल आजवर मला कोणी विचारलेलं नाही. पण न विचारता सांगण्याइतकं वय आता झालेलं आहे, म्हणून सांगतो. अमरावतीच्या कॉलेजचा मी गोलकीपर होतो. त्याआधी मी फुटबॉल डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नव्हता. आमच्या हिवरखेडच्या घरात लाथा घालण्याजोगी एकच वस्तू होती, ती म्हणजे मी, आणि ते काम वडील एकटे पार पाडत. तरीही कॉलेजात येऊन आठवडा उलटला नव्हता तोच मी संघात होतो. निवड मैदानावर झाली नाही. ती वसतिगृहाच्या खानावळीत झाली.

त्या दिवशी पंक्तीच्या टोकाला एक काटकुळे गृहस्थ भिंतीला टेकून उभे होते. काळा कोट, काळी टोपी, हात मागं बांधलेले. स्वतः जेवत नव्हते, जेवणाऱ्यांकडे टक लावून पाहत होते. मला वाटलं, खानावळीचे कोणी कारभारी असतील आणि कोण जास्त खातो ते ध्यानात ठेवत असतील. म्हणून आज बेतानंच खायचं असं मी मनाशी ठरवलं. पण त्या दिवशी नेमक्या पाटवड्या होत्या. वाढप्याला मी किती हाका मारल्या ते त्याला विचारा. शेवटी ते गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी घाबरून नाव, गाव आणि वडिलांचं नाव सांगून टाकलं.

"उद्यापासून मैदानावर ये," ते म्हणाले. "गोल सांभाळायचा."

गोल म्हणजे काय, असं मी विचारलं.

"ते नंतर कळेल. आधी एवढं जेवून घे."

हे आमचे सर. शिकवायला इतिहास आणि सांभाळायला फुटबॉल. कॉलेज नवं होतं, आणि प्रत्येक प्राध्यापकाच्या गळ्यात एकेक खेळ बांधायची पद्धत होती. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी टेनिस पटकावलं, कारण त्यात विजारीची इस्त्री मोडत नाही. गणिताच्या प्राध्यापकांनी क्रिकेट घेतलं, कारण त्यात पुष्कळ वेळ बसायला मिळतं. हॉकी तालीम मास्तरांकडे गेली. उरला फुटबॉल आणि उरले सर. वऱ्हाडच्या काळ्या मातीत ऐन पावसाळ्यात खेळायचा खेळ दुसरं कोण घेणार? दोन दिवस पाऊस लागून राहिला की आमच्या मैदानाची अशी दशा व्हायची, की लाथ मारल्यावर चेंडू जागच्या जागी राही आणि पाय तेवढा आत जाई. परगावचे संघ याला आमचा डाव म्हणत. आम्हीच जिथं पाय उपसत बसायचो, तिथं डाव कसला?

सरांकडे इतिहासाचा एकच सिद्धांत होता, आणि तो त्यांना पानिपतावर सापडला होता. पानिपतात मराठे उपाशी लढले म्हणून हरले. इथवर कोणी हरकत घेणार नाही. पण सर इथं थांबत नसत. जगातला प्रत्येक पराभव त्यांनी पोटापाशी आणून सोडला होता. नेपोलियननं रशियात मार खाल्ला तो थंडीनं नाही, शिधा संपल्यानं. कलिंगाच्या लढाईनंतर अशोकाला एवढा पश्चात्ताप झाला, त्याचं कारण त्या दिवशी भटारखाना मागं राहिला असावा. जेवलेल्या माणसाला एवढा पश्चात्ताप होत नाही. हे सगळं आम्ही वहीत उतरवून घेत असू. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, म्हणजे कापूस आमचा आणि कचेरी नागपूरची, आणि परीक्षकही नागपूरचेच. मी सगळ्या प्रश्नांना सरांचा सिद्धांत लावला आणि इतिहासात सपशेल आपटलो. एकाच उत्तराला गुण मिळाले. तो प्रश्न फ्रेंच राज्यक्रांतीचा होता. तिथं पावाची भानगड खरोखरच होती.

हाच सिद्धांत सरांनी फुटबॉलला लावला. "भरल्या पोटी कोणी पळून जात नाही," असं ते म्हणत. ते अगदी खरं होतं. आमच्यातला कोणीच पळत नव्हता. मॅचच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे सरांच्या घरी जेवायला. जेवण साधं नाही. पुरण नाही तर वडे, निदान तूप-गुळाच्या पोळ्या. जेवण झालं की सर पंक्तीतून फिरत आणि एकेकाच्या ढेकराची वाट पाहत. ढेकर ऐकल्याशिवाय गडी मैदानात उतरवायचा नाही, हा त्यांचा कायदा. आमचा बॅक बबन हा फार भिडस्त मुलगा. त्याला चारचौघांत ढेकर येत नसे. त्याच्यापायी एकदा मॅच अडून राहिली होती.

मध्यंतरात इतर संघांना लिंबाच्या फोडी मिळत. आम्हाला पितळी डब्यातून गरम शिरा मिळे. रेफरी म्हणून बांधकाम खात्याचे एक ओव्हरसियर यायचे. त्यांना आणि समोरच्या संघालाही सर शिरा द्यायचे, कारण मैदानावर एक उपाशी आणि एक जेवलेला हे त्यांना बघवत नसे. ओव्हरसियरसाहेब डबा रिकामा झाल्याशिवाय दुसऱ्या अर्ध्याची शिट्टी वाजवत नसत. काळोख पडायला आला तरी आमच्या कित्येक मॅचेस पुऱ्या होत नसत, त्याचं कारण हे.

स्वतः सर जेवायचे कसे, हे मात्र मी कधी नीट पाहिलं नाही. सगळ्यांचं झालं की उभ्याउभ्या, चुलीशी, काहीतरी तोंडात टाकल्यासारखं करत. घरी ते एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. स्वयंपाक स्वतः करायचे, तोही मोठ्या पातेल्यांत. एकदा मी शहाणपणानं म्हटलं, सर, एका माणसाला एवढं पातेलं कशाला. ते म्हणाले, एका माणसाचा स्वयंपाक मला येत नाही. मी हसलो. त्या वयात मला फार हसू यायचं.

त्या हंगामात आम्ही हरत गेलो, याचं आश्चर्य आमच्याशिवाय कोणालाच वाटलं नाही. त्यातली अंजनगाव सुर्जीची मॅच माझ्या विशेष स्मरणात आहे; म्हणजे तिचा जो भाग मी जागेपणी पाहिला, तो. सर्व्हिसच्या मोटारीनं निघालो. वाटेत सरांच्या कोणा ओळखीच्यांचा संत्र्यांचा बगीचा लागला. तिथं सरांनी आधीच निरोप धाडून ठेवलेला. झाडाखाली पंक्ती बसल्या, वडे झाले, वर कढी झाली. अंजनगावला पोहोचलो ते सबंध संघ एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून. मैदानावर उभा राहिलो तेव्हा ढग होते, वारा होता, आणि गोलाचा खांब पाठीला फार बरा लागत होता. पुढचं आठवतं ते एवढंच, की मोठ्यानं टाळ्या ऐकू आल्या आणि मी दचकून जागा झालो. काहीतरी चांगलं घडलं असावं अशा समजुतीनं मीही टाळ्या वाजवल्या. चेंडू माझ्या मागं जाळ्यात होता. बबन माझ्याकडे पाहत होता. तसं माझ्याकडे पुढे फक्त माझ्या सासऱ्यांनी पाहिलं.

परतीच्या वाटेवर बडनेऱ्याकडून येणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा सर एवढंच म्हणाले, "कढीत बेसन कमी पडलं."

या अंजनगावच्या बातमीनं प्रिन्सिपलसाहेबांचा धीर सुटला. त्यांनी सरांना बोलावलं, आणि संघाचा सेक्रेटरी म्हणून मलाही. मला सेक्रेटरी करण्याचं कारण एवढंच, की शिऱ्याचा डबा मी सरांच्या घरून मैदानापर्यंत झाकण न उघडता आणत असे. असं सरांना वाटत होतं.

प्रिन्सिपलसाहेब मितभाषी होते. सर खुर्चीवर बसतात न बसतात तोच ते म्हणाले, "प्रोफेसर, इतिहासातले पराभव शिकवायचे असतात. करून दाखवायचे नसतात."

मग साहेबांनी निकाल सांगितला. आता अकोल्याशी एकच मॅच उरली आहे. ती हरलात तर पुढल्या साली फुटबॉल तालीम मास्तरांकडे जाईल. बरोबरीत सुटली तरी मी डोळेझाक करीन. हरलात तर नाही.

तालीम मास्तरांचाही एक सिद्धांत होता. खेळणारा माणूस भुकेला पाहिजे. त्यांच्या हॉकीवाल्यांना सकाळी मूठभर भिजवलेले हरभरे मिळत आणि दिवसभर त्यांची आठवण मिळे. दुर्दैवानं ते हॉकीवाले सगळीकडे जिंकत होते. पण या गोष्टीचा आमच्या घरात, म्हणजे सरांच्या घरात, उच्चार करायचा नाही असा अलिखित नियम होता.

आम्ही दोघं बाहेर पडलो. कॉलेजच्या फाटकाशी थांबून सर म्हणाले, "ते तुम्हाला हरभरे घालतील." मग माझ्याकडे न पाहता: "आणि मी संध्याकाळी काय करायचं?"

हा प्रश्न परीक्षेत येण्याजोगा नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तर मी तयार केलेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यानं कधी नव्हे ती उचल खाल्ली, आणि मी एक युक्ती काढली. युक्ती माझी होती, तेव्हा तिचं पुढं काय होणार हे जाणत्यांनी ओळखलंच असेल.

युक्ती अशी. अकोल्याचा संघ सकाळच्या गाडीनं येणार. त्यांना सर जेवू घातल्याशिवाय राहणार नाहीत, हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ. आपल्याकडची रीत अशी की पाहुणे आधी, घरचे मागून. तेव्हा त्या दिवशी आपण वाढायचं. आग्रह करकरून वाढायचं, पाहुण्यांना उठता येणार नाही इतकं वाढायचं, आणि आपण मॅच झाल्यावर जेवायचं. सरांचा सिद्धांत अकोल्याच्या पोटात आणि तालीम मास्तरांचा आपल्या. बबन म्हणाला, सरांना हे कळलं तर? मी म्हटलं, कळणार नाही. जेवणातून कोणाचं वाईट करता येतं ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात येऊ शकत नाही. आणि झालंही तसंच. आम्ही वाढायला उभे राहतो म्हटल्यावर सरांचे डोळे भरून आले. वाढायला शिकलात, म्हणजे निम्मं शिक्षण झालं, असं ते म्हणाले. मला उरलेल्या निम्म्याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

पावसानं दोन दिवस उघडीप दिली होती, म्हणून सरांनी परसात रोडग्यांचा बेत केला. रोडगा ज्यानं खाल्ला नाही त्यानं तो फुटबॉलच्या संदर्भात समजून घ्यावा. कणकेचे थरावर थर देऊन वळलेला गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. वजन आणि आकार साधारण क्रिकेटच्या चेंडूचा. तो फोडून तुपात बुडवायचा आणि वांग्याच्या भाजीशी खायचा. पोटात गेल्यावर तो फुटबॉलएवढा होतो.

अकोल्याची मंडळी आली. त्यांचा कप्तान आणि सेंटर-फॉरवर्ड शेषराव, काळ्या जमिनीच्या घरातला, उंच, मांड्या अशा की धोतर अपुरं पडावं. त्याच्या लाथेनं खांब हलतो अशी त्याची ख्याती होती. मी गोलकीपर असल्यामुळे ती सगळ्यात आधी माझ्यापर्यंत पोहोचली होती. मंडळी बसली, पत्रावळी मांडल्या, आम्ही कमरेला उपरणी बांधून वाढायला आलो. सगळ्यांना वाढून झालं. कोणी घास घेईना.

"तुमी नाही बसत?" शेषरावानं विचारलं.

मी म्हटलं, पाहुणे आधी, आम्ही मागून.

"कावून? आमी का श्राद्धाचे बामन हाओ, का तुमी उभे राहून वाढसान अन् आमी मुकाट्यानं खाऊ?" त्यानं पत्रावळ पुढं सरकवली. त्याच्या बाजूच्यानंही सरकवली. बघता बघता सबंध अकोल्यानं हात मागं घेतले. मी गयावया केली, बबननं केली. शेषराव हलायला तयार नाही. एकाच्या घरी जेवायचं आणि घरच्यांनी उपाशी बघत उभं राहायचं, हे आमच्याच्यानं होत नाही, असं त्याचं म्हणणं. तितक्यात सर वांग्याच्या भाजीचं पातेलं घेऊन आले. अन्न वाढलेलं आणि खाणारे स्वस्थ बसलेले, हे दृश्य त्यांनी जन्मात पाहिलं नसावं. त्यांचा चेहराच उतरला.

"सर, तुमचे पोट्टे आमच्यासंग जेवून नाही राहिले," शेषरावानं फिर्याद केली.

सरांनी आमच्याकडे पाहिलं. दत्ताजीला सोडून पळालेल्या कोणा सरदाराकडे पाहावं तसं पाहिलं. "बसा," ते म्हणाले. आम्ही बसलो.

तरी माझी आशा सुटली नव्हती. थोडंसं खायचं, चाखल्यासारखं करायचं. पण दोन रोडगे झाल्यावर अकोल्याची मंडळीच उठली. आता आमची पाळी, म्हणाली. तुमी वाढलं, आता आमी वाढतो. आणि पाहुण्यांनी यजमानाला आग्रह करायचा, ही आमच्याकडची आणखी एक रीत माझ्या युक्तीत धरायची राहून गेली होती. शेषराव तुपाची तपेली एका हातात आणि रोडगा दुसऱ्या हातात घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

मी म्हटलं, मले भूक नाही.

"हिवरखेडचा मानूस अन् भूक नाही. हे आजच ऐकून राहिलो."

सर निखाऱ्यांपाशी होते, त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मी त्याला खरं ते सांगितलं. "शेषरावजी, नोका वाढू. आज हरलो तं सरांचा फुटबॉल जाते. तालीम मास्तराले देऊन टाकतीन."

"मंग सर काय करतीन?"

"काय करतीन. एकटेच जेवतीन."

शेषरावानं वळून सरांकडे पाहिलं. सर खाली बसून, डोळ्यांत धूर जात असताना, निखाऱ्यातून रोडगे उकरून काढत होते आणि कोणाला काय कमी आहे ते ओरडून विचारत होते. शेषरावानं तो रोडगा माझ्या पत्रावळीत फोडला आणि त्याच्यावर तूप ओतत राहिला.

"मंग तं खाच," तो म्हणाला.

त्या दिवशी दोन्ही संघांचे ढेकर ऐकून, ओव्हरसियरसाहेबांचाही ऐकून, सरांनी मॅचला परवानगी दिली.

मॅच कशी झाली हे सांगणं कठीण आहे, कारण ती झाली असं म्हणणंच धाडसाचं आहे. चेंडू कोणाच्या पायाशी आला की तो गडी आधी त्याच्याकडे पाही, मग कोणी दुसरा घेतो का ते पाही. मध्यंतर व्हायला आलं तेव्हा कुंपणाबाहेरच्या एका गृहस्थानं विचारलं म्हणे, खेळ सुरू कधी होणार. दुसऱ्या अर्ध्यात तर बबन चिखलात घसरून बसला, आणि बसल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की तो उठलाच नाही. त्याचं मला वाईट वाटत नव्हतं. शून्याला शून्य चाललं होतं. बरोबरी आम्हाला पुरत होती. सर कुंपणाशी डबा घेऊन उभे होते. हात अवघडला तरी तो दुसऱ्या हातात घ्यायचं भानही त्यांना नव्हतं.

काळोख पडायला लागला होता. बसलेल्या बबनला वळसा घालून शेषराव चेंडू घेऊन एकटाच पुढं आला. आता त्याच्या आणि माझ्यामध्ये फक्त चिखल होता. मी देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही हात तोंडापुढे धरले. लाथ बसली नाही. बोटांच्या फटीतून पाहिलं, तर शेषराव थांबला होता. त्यानं एकदा कुंपणाकडे, सरांकडे पाहिलं. मग पायाच्या कडेनं, रांगत्या मुलाकडे चेंडू सोडावा तसा, त्यानं तो माझ्याकडे सोडला.

आजच्या काळात याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. शेषरावाच्या लेखी तो पाहुणेपणा होता.

चेंडू सरळ माझ्याकडे येत होता. इतका हळू, की त्याच्या शिवणीचे टाके मोजता आले असते. मला करायचं होतं ते एवढंच, की खाली वाकून तो उचलायचा. मी वाकलो. जितकं वाकता येत होतं तितकं वाकलो. मध्ये पोट आलं. हात गुडघ्यांपर्यंत पोहोचले आणि तिथं थांबले. चेंडू माझ्या दोन पायांमधून सावकाश पलीकडे गेला, चिखलात जरा अडला, आणि माझी कीव न करता रेघ ओलांडून थांबला. ओव्हरसियरसाहेबांनी शिट्टी वाजवली. कोणीही टाळी वाजवली नाही, अकोल्यानंसुद्धा.

शेषराव माझ्याजवळ आला. त्याला संताप आवरत नव्हता. "लेका, तुह्या हातात देल्ला होता म्या. वाकाले काय झालं होतं तुले?"

मी म्हटलं, "तो शेवटचा रोडगा तुमीच वाढला."

दोघंही चेंडूकडे बघत उभे राहिलो.

मॅच संपल्यावर सरांनी अकोल्याच्या मंडळींना गाडीत खायला उरलेले रोडगे बांधून दिले. शेषरावानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. कशाबद्दल, हे सरांना कळलं नाही. सगळे गेल्यावर ते माझ्याकडे आले. मी मान खाली घालून उभा होतो.

"तू पोटभर जेवला होतास ना?"

मी हो म्हटलं.

"मग तुझा काही दोष नाही," ते म्हणाले आणि डबा उचलून घरी गेले. त्या दिवशी डबा न्यायला त्यांनी मला हाक मारली नाही.

पुढल्या साली आम्ही तालीम मास्तरांचे झालो. हरभरे आले. माझं पोट आत गेलं, आणि जमीन माझ्या हाताला लागते हा शोध मला लागला. आम्ही पळायला लागलो. सांगायला वाईट वाटतं, पण आम्ही जिंकायला लागलो. पहिली मॅच जिंकलो त्या संध्याकाळी आम्ही ताशा वाजवत गावातून फिरलो, आणि कोणी काही न ठरवता सगळे सरांच्या दारात जाऊन उभे राहिलो. सरांनी दार उघडलं. आत चुलीवर मोठंच पातेलं होतं, ते दारातून दिसत होतं.

बबन म्हणाला, सर, जिंकलो.

"शाबास," सर म्हणाले. "मग इकडे कशाला आलात? जिंकलेल्यांना गावात कोणीही जेवू घालील. मी हरलेल्यांचा स्वयंपाक करतो." आणि त्यांनी दार लोटून घेतलं. आपटलं नाही, लोटलं. आम्ही हरभऱ्यांकडे परत गेलो.

दुसरी मॅच आम्ही आणखी मोठ्या फरकानं जिंकलो. या वेळी ताशा नव्हता. चेहरे पाडून, मागच्या गल्लीनं आम्ही सरांच्या दाराशी गेलो. मीच पुढं झालो, कारण हरलेलं तोंड करण्याचा माझ्याइतका सराव कोणाला नव्हता.

"सर, हरलो."

सरांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "किती?"

मी निकाल उलटा करून सांगितला.

"बसा," सर म्हणाले. "पोटात कमी पडलात."

त्या हंगामात आम्ही दुपारी मैदानावर जिंकत होतो आणि संध्याकाळी सरांच्या घरी हरत होतो. सर वाढता वाढता प्रत्येक पराभवाची चिकित्सा करायचे, कोणता गडी कुठं उपाशी पडला ते सांगायचे, एखाद्या लढाईचा दाखला द्यायचे. आम्ही माना हलवायचो. बबनला तर प्रसंगी डोळ्यांत पाणी आणता येऊ लागलं होतं. मी कसकसे गोल जाऊ दिले ते तपशीलवार सांगायचो, आणि मला कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागत नसे. गावाला सगळे निकाल माहीत होते. सरांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत होते. सरांना माहीत नसावेत असं आम्ही धरून चाललो होतो, कारण ते कधी काही बोलले नाहीत, आणि पातेलं कधी लहान झालं नाही.

मग शेवटची मॅच झाली आणि आम्हाला कप मिळाला. चकचकीत, उंच, हातभर. प्रिन्सिपलसाहेबांनी भाषण केलं, तालीम मास्तरांच्या गळ्यात हार पडला, मिरवणूक निघाली. चौकात गर्दी झाली तसे आम्ही एकेक करून तिच्यातून निसटलो. कप बबनच्या हातात होता. तो कोणाकडे द्यायचा हे सुचेना, म्हणून बरोबर घेऊन आलो. सरांच्या ओट्यावर चपलांच्या बाजूला त्यानं तो ठेवला आणि वर आपला कोट पांघरला. मिरवणुकीचा ताशा सरांच्या आळीत स्पष्ट ऐकू येत होता.

"सर, हरलो," मी म्हटलं.

"फायनल?"

"हो."

"फार वाईट झालं," सर म्हणाले. "बसा."

त्या दिवशी पुरण होतं. ते काही तासाभरात होणारं काम नव्हे, हे मला पहिल्या घासालाच कळायला हवं होतं. पण मी भुकेला होतो. सर वाढत राहिले. हरलेल्या माणसांना जितक्या मायेनं वाढावं तितक्या मायेनं वाढत राहिले. सगळ्यांचे हात मंदावले तेव्हा ते ताकाचं मडकं घेऊन आले, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "बबन, बाहेर तुझ्या कोटाखाली आहे ते आत आण. ताकाला भांडं कमी पडतंय."

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. बबन उठला आणि कप घेऊन आला. सरांनी तो पाण्यानं दोनदा विसळला, आतून हात फिरवून पाहिला, मग मडकं वाकडं करून त्यात काठोकाठ ताक ओतलं.

"दोन कान आहेत," ते म्हणाले. "वाढायला सोयीचा आहे." आणि पंक्तीच्या पहिल्या टोकापासून त्यांनी ताक वाढायला सुरुवात केली.